घरचा नंबर

आमच्या रुग्णालयात नोंदणीच्या टेबलावर बसणाऱ्याला दिवसभर एकच प्रश्न विचारावा लागतो : "मोबाईल नंबर कोणता लावायचा?" बायका बहुधा सोबत आलेल्या माणसाकडे पाहतात. तो सांगतो तो नंबर लिहिला जातो. कोणाच्या घरात फोन एकच असतो, कोणाच्या घरात दोन असले तरी निरोप एकावरच मागवले जातात : गॅसचे, रेशनचे, बँकेचे आणि दवाखान्याचेही. सून लग्न होऊन घरात आली की तिच्या सगळ्या कागदांवरचा वडिलांचा नंबर काढून घरचा नंबर लावतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. आडनाव बदलते तसाच नंबर बदलतो.

मी या कामात उशिरा आले. आयुष्याचा मोठा भाग महाविद्यालयात गणित शिकवण्यात गेला. फळ्याकडे तोंड करून बोलणे मला सोपे जाई. वर्गाकडे वळले की आवाज खाली येई. पन्नाशी उलटल्यावर, नोकरीचे करार संपत आले तेव्हा, मी संगणकाचा एक अभ्यासक्रम केला, माझ्याच माजी विद्यार्थ्यांच्या वयाच्या मुलांच्या शेजारी बसून. त्यातून ही जागा मिळाली. शहरातली काही रुग्णालये, तपासणी केंद्रे आणि खासगी दवाखाने यांनी मिळून एक सामाईक नोंदव्यवस्था सुरू केली होती, आणि आमच्या रुग्णालयापुरती ती सांभाळणे हे माझे काम होते.

ही नोंद कोणा एकाच्या संगणकात नसते. सहभागी प्रत्येकाकडे तिची तंतोतंत प्रत असते; कोठे काय लिहिले गेले, कोणी काय उघडून पाहिले, हे सगळ्या प्रतींत एकदमच उमटते, आणि उमटलेले कोणालाही खोडता येत नाही. जाणकार तिला ब्लॉकचेन म्हणतात. आमच्या परिचारिका साखळी म्हणतात, आणि मलाही तोच शब्द बरा वाटतो. रुग्णाचे कागद ज्या त्या दवाखान्यातच कुलूपबंद राहतात. साखळीत असतो तो त्यांचा ठावठिकाणा, आणि कुलूप कोणी, केव्हा, कशासाठी उघडले याची नोंद. किल्ली रुग्णाकडे असते. त्याच्या मोबाईलवर काही आकडे येतात. ते त्याने सांगितले तरच कागद दिसतात. अपवाद एकच : जीव धोक्यात असेल आणि रुग्ण शुद्धीवर नसेल, तर डॉक्टर आणि नोंदणी अधिकारी, म्हणजे आमच्याकडे मी, यांनी मिळून, आपापल्या नावाने, कारण लिहून कुलूप उघडायचे. तसे झाले की रुग्णाच्या नंबरवर त्याच क्षणी निरोप जातो. तो थांबवता येत नाही. मला या व्यवस्थेतली हीच गोष्ट सर्वांत न्याय्य वाटत असे : तुमच्या पाठीमागे कोणी काही करूच शकत नाही.

ती मुलगी पहिल्यांदा आली ती सासूबरोबर. सातवा महिना नुकताच लागला होता. माहेर सोयगावकडचे, सासर शेंद्र्याजवळच्या एका गावातले. नवरा तिथल्याच कारखान्यात पाळीवर. सासू ठसठशीत, मोठ्या आवाजाची. मी नेहमीचा प्रश्न विचारताच तिने पिशवीतून मोबाईल काढून टेबलावर ठेवला.

"ह्यो लावा. घरचा नंबर हाय. पोराचाच फोन, पण कारखान्यात आत नेऊ देत नाय, म्हणून दिवसा माझ्यापाशी. मेसेज आला की ठेवून द्यायचा. संध्याकाळी त्यो घरी आला की वाचून दाखवतो समद्यांना. आमच्या घरात लपवाछपवी नाय."

मी पडद्यावर पाहिले. लग्नानंतर तोच नंबर आधीच लावलेला होता. मुलीच्या नावाखाली एकच जुनी नोंद दिसत होती : शहरातल्याच औरंगपुऱ्यातला एक दवाखाना. तो कशाचा, हे त्याच्या नावातच होते. मेंदूविकारांचा.

"आत्या, मला पाणी आणता का?" मुलगी सासूला म्हणाली. सासू उठून गेली तशी ती टेबलावर वाकली आणि इतक्या हळू बोलली की माझ्यासारखीला, जिला हळू बोलण्याची सवय आहे, तिलाही कान द्यावा लागला.

"मॅडम, ते औरंगपुऱ्याचं उघडू नका. मला फिट यायच्या. आता येत नाहीत. इथं कुणाला माहीत नाही."

"गोळ्या चालू आहेत?"

तिने सासू गेली त्या बाजूला पाहिले. मग म्हणाली, "आई पाठवते. पाकिटातून काढून, सुट्ट्या. नाव नसतं त्यांच्यावर. आधी एक औषध दिलं होतं, त्यानं अंगाची सालं निघाली होती माझ्या. मग बदललं."

"कोणतं औषध?"

"नाव ठाऊक नाही. मी शाळेत होते तेव्हा. माझ्या वडिलांना माहीत असंल."

मी तिला सांगितले की तिच्या परवानगीशिवाय ते कागद कोणी उघडू शकत नाही. फक्त जिवावर बेतले आणि ती शुद्धीवर नसली, तरच. आणि हेही सांगितले की डॉक्टरांशी तिने एकटीने बोलायलाच हवे. ती मान हलवणार, तेवढ्यात पाण्याची बाटली घेऊन सासू आली आणि म्हणाली, "काय कुजबुज चाललीय? नाव चुकलं का काय हिचं?"

"नाही, बरोबर आहे," मी म्हणाले.

त्यानंतरच्या तपासणीला ती डॉक्टरांशी बोलली असेल, अशी माझी समजूत होती. ती बोलली नव्हती. सासू तपासणीच्या खोलीतही तिच्या शेजारीच बसत असे.

पुढच्या खेपेला त्या आल्या ती दुपारची वेळ होती. बाह्यरुग्ण विभाग ओसरत आला होता. आमच्या टेबलासमोरच्या बाकावर मुलगी बसली होती आणि सासू शेजारच्या बाईला नवस, बारसे आणि मुलीच्या माहेरच्यांनी दिलेली पातळ साडी यांच्याबद्दल काहीबाही सांगत होती. मग बाकाचा आवाज झाला. मी मान वर केली तेव्हा मुलगी जमिनीवर होती. अंग ताठ, डोळे वर फिरलेले, हात एका लयीत आखडत होते. सासू ओरडली, "अगं बाई, काय झालं हिला! धरा, कुणीतरी धरा!"

तिला आत नेले. झटके थांबले, पण शुद्ध आली नाही. स्त्रीरोग विभागाच्या डॉक्टर तिशी-पस्तिशीतल्या होत्या, हाताने चपळ आणि बोलायला तुटक. मी दाराशी उभी होते. माझे तिथे काही काम नव्हते, आणि तरी मला तिथून हलता येत नव्हते.

"आधी कधी असं झालं होतं?" डॉक्टरांनी सासूला विचारले.

"नाय हो. कध्धी नाय. चांगली धडधाकट पोरगी. आम्ही बघूनच केली."

सासूला बाहेर बसवले. डॉक्टर परिचारिकेला म्हणाल्या, "गरोदरपणात बीपी वाढून येतो तो झटका धरूनच चालायचं. सलाईन लावलंय. बीपी ठीक आहे, लघवीही स्वच्छ, हे मला पटत नाही, पण वाट किती बघू? पुन्हा आला तर फेनिटॉइन सुरू करा. आणि थिएटरला सांगून ठेवा. बाळ बाहेर काढावं लागेल."

"आत्ता?" परिचारिकेने विचारले. "दिवस भरलेले नाहीत."

"मला माहीत आहे भरलेले नाहीत."

मी आयुष्यात कधी कोणाचे बोलणे तोडलेले नाही. बैठकांमध्ये माझे म्हणणे मी चिठ्ठीवर लिहून शेजारच्याकडे सरकवते. त्या वेळी मात्र मी डॉक्टरांच्या कोपराला हात लावला आणि त्यांना कोपऱ्यात नेले. मुलीने मला जे सांगितले होते ते सगळे सांगितले : शाळेपासूनच्या फिट्स, सुट्ट्या गोळ्या, अंगाची सालं काढणारे औषध.

डॉक्टरांचा चेहरा बदलला. "कोणतं औषध?"

"तिला नाव माहीत नाही. औरंगपुऱ्याच्या दवाखान्यात नोंद आहे."

"मग उघडा ना! फिट्सच असतील तर मला बाळ काढायची गरज नाही. आणि सालं निघाली ती फेनिटॉइननं असतील, तर मी तिला तेच द्यायला निघालेय. ते पुन्हा दिलं तर जाईल ती."

"उघडलं की निरोप जातो."

"जाऊ दे."

"तो तिच्या सासूच्या पिशवीत जातो, डॉक्टर. दवाखान्याच्या नावासकट. संध्याकाळी नवरा सगळ्यांना वाचून दाखवतो."

डॉक्टरांनी दाराबाहेर, सासूच्या बाकाकडे पाहिले. "दवाखान्याला फोन लावा," त्या म्हणाल्या.

मी लावला. घंटा वाजत राहिली. औरंगपुऱ्यातले असले दवाखाने दुपारी बंद असतात. संध्याकाळी पुन्हा उघडतात. डॉक्टरांचा स्वतःचा क्रमांक कोणाकडे नव्हता. मुलीच्या वडिलांचा नंबर हवा तर तो सासूच्याच मोबाईलमध्ये होता, आणि तो मागायचा तर कशाला हवा हे सांगावे लागले असते. मी पुन्हा दवाखान्याला फोन लावला. आत परिचारिकेचा आवाज चढला : मुलीचे बोट पुन्हा थरथरू लागले होते.

मी टेबलाशी आले. तातडीचा पर्याय निवडला. डॉक्टरांनी माझ्या खांद्यावरून हात पुढे करून ठशाच्या यंत्रावर आपला अंगठा टेकवला. पडद्यावर कारणाची चौकट उघडली आणि त्याखाली नेहमीची सूचना : ही कृती कायमची नोंदली जाईल. परिचारिकांना ही व्यवस्था शिकवताना मी हे वाक्य किती अभिमानाने वाचून दाखवत असे. आता त्या वाक्याखालचे बटण माझ्या बोटाखाली होते आणि मला त्या मुलीचा टेबलावर वाकलेला चेहरा दिसत होता. तिने मला नको म्हटले होते. जिवावर बेतले तरच, असे मी म्हटले होते. त्यावर तिने मान हलवली नव्हती, नाकारलेही नव्हते. तिच्या वतीने होकार समजून घेण्याचा अधिकार मला व्यवस्थेने दिला होता, तिने नव्हे. मी कारण लिहिले : रुग्ण बेशुद्ध, झटके, औषधाची तीव्र प्रतिक्रिया संभवते. आणि बटण दाबले.

कागद उघडले. डॉक्टरांनी पहिल्याच पानावर बोट ठेवले. "फेनिटॉइन. तेच आहे." त्या वळून आत ओरडल्या, "फेनिटॉइन नको! ठेवा ते खाली!" मग पुढचे पान, नंतर सुरू केलेल्या औषधाचे नाव, मात्रा. "हे शिरेतून द्यायचं आपल्याकडे आहे. थिएटरला थांबायला सांगा." आणि त्या धावत गेल्या.

त्याच वेळी समोरच्या बाकावर, सासूच्या पिशवीत, मोबाईल वाजला.

मी पडदा बंद केला. सासूने मोबाईल काढला, डोळ्यांपासून लांब धरला, जवळ आणला. मग उठून थेट माझ्याकडे आली.

"मॅडम, बघा बरं काय आलंय. दवाखान्याचंच दिसतंय. बाळाचं काय आहे का?"

निरोप इंग्रजीत होता. हे निरोप मराठीत यावेत, अशी चिठ्ठी मी एका बैठकीत दिली होती आणि पुढच्या टप्प्यात बघू, असे उत्तर मिळाले होते. मी मोबाईल हातात घेऊन ती अक्षरे वाचली. दवाखान्याचे पूर्ण नाव होते. विभागाचे नाव होते. माझेही होते.

"बाळ ठीक आहे," मी म्हणाले. "तिची जुनी नोंद उपचारासाठी उघडली, असं लिहिलंय."

"कुठली जुनी?"

खोटे बोलणे मला जमले असते की नाही, ठाऊक नाही. पण त्या बाईच्या मोबाईलवरच्या निरोपाला खोटे ठरवून मी किती वेळ निभावणार होते?

"ते तिनेच तुम्हाला सांगितलेलं बरं," मी म्हणाले.

"म्हंजे हाय काहीतरी." तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला. आवाज एकदम उतरला होता, आणि तो उतरलेला आवाज मला ओरडण्यापेक्षा अवघड वाटला. "राहू द्या. तुम्ही शिकलेल्या बाया सरळ सांगत नाय. खाली मेडिकलवाला हाय, त्यो वाचंल."

ती जिन्याकडे निघाली.

"आई, थांबा!"

माझा आवाज व्हरांड्यात घुमला. बाकांवरची माणसे वळून पाहू लागली. मी कधी एवढ्या मोठ्याने बोलले असेन असे मला आठवत नाही. "थोडं थांबा," मी पुन्हा म्हणाले, "ती जागी झाली की ती बोलेल. दुसऱ्या कोणी वाचण्याआधी तिला बोलू द्या. एवढं करा."

सासूने माझ्याकडे पाहिले, मग मोबाईलकडे. ती पायरीवर पाय ठेवून उभी राहिली. गेली नाही, परतलीही नाही.

मी आत गेले. औषध लागू पडत होते. मुलीने डोळे उघडले होते, पण नजर स्थिर व्हायला वेळ लागत होता. मी तिच्या कानाशी वाकले.

"बाळाचे ठोके चांगले आहेत. तुला फिट आली होती. औरंगपुऱ्याची नोंद मला उघडावी लागली. निरोप घरच्या नंबरवर गेलाय."

तिला ते कळायला काही क्षण गेले. मग तिचे ओठ हलले. "वाचला कुणी?"

"अजून नाही. आत्या बाहेर आहेत. खाली जाऊन वाचून घेणार होत्या."

तिने डोळे मिटले. कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळले. मी तिथून निघून जावे की थांबावे, हे मला कळेना. मग ती म्हणाली, "बोलवा त्यांना. तुम्ही थांबा."

सासू आली आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली, मोबाईल मुठीत धरून.

"आत्या," मुलगी म्हणाली, "मला फिट येतात. लहानपणापासून. घरच्यांनी लग्नात सांगितलं नाही. मीबी सांगितलं नाही."

सासू सलाईनच्या थेंबांकडे बघत राहिली. मग एकदम म्हणाली, "अन् तुझी आई म्हणली व्हती, पोरीचं साधं डोकं दुखत नाय! माझ्या दारात बसून, माझा चहा पीत म्हणली व्हती." मग तिला आठवले : "ती दर खेपेला पावडरचा डबा धाडायची, त्यात गोळ्या असायच्या व्हय? मी म्हणायचे, हिच्या माहेरची पावडर काय सोन्याची हाय का."

"व्हय."

"मग आज कशी आली फिट? गोळ्या हायेत तर?"

"बंद केल्या मी. शेजारच्या काकू म्हणल्या, गोळ्यांनी बाळ बिघडतं."

सासूने कपाळावर हात मारून घेतला. "लपवल्या त्या एक, अन् बंद केल्या त्या दुसरं. आता मी राग तरी कशाकशाचा धरू, सांग!" ती पलंगाच्या कडेला टेकली. मग माझ्याकडे मोबाईल पुढे केला.

"मॅडम, ह्यो मेसेज पुसता येतो का?"

"या फोनवरचा पुसता येतो. साखळीतला नाही."

"तिथला राहू द्या. तिथं माझा पोरगा वाचायला जात नाय." तिने मुलीकडे मान वळवली. "त्यो तापट हाय. आजच्या आज गाडी काढून तुझ्या बापाच्या दारात उभा ऱ्हाईल. बाळंतपण होऊ दे, मग बघू."

मोबाईल माझ्या हातात आला. निरोपावर बोट ठेवून धरले की पुसण्याची खूण दिसते, एवढे सोपे होते. मी मुलीकडे पाहिले. यापुढे तिला विचारल्याशिवाय मी काही करणार नव्हते.

"नका पुसू," ती म्हणाली. जीभ अजून जड होती. "परत कवातरी निघंल. परत मी खाली पडंन, अन् परत कुणाला काय माहीत नसंल. मी सांगते त्यांना."

"तू? तुला धड बोलता येईना झालंय."

"सांगते, आत्या."

सासूने माझ्या हातून मोबाईल घेतला आणि पिशवीत टाकला. "सांग मग," ती म्हणाली. "पण मी इथं बसणार. तुझ्या बाजूनं नाय बसणार, आधीच सांगते. पण बसणार."

नवरा पाळी संपवून आला तो कारखान्याच्या कपड्यांतच. कारखान्याच्या फाटकावर त्याला कोणीतरी कळवले होते. तो आत गेला आणि मी दार ओढून घेऊन टेबलाशी परतले. घरी जायची वेळ होऊन गेली होती. मी उगाच नोंदी तपासत बसले. आतून शब्द ऐकू येत नव्हते, फक्त आवाजांची उंची कळत होती. आधी मुलीचा, फार वेळ, एकसुरी. मग त्याचा, एकदम मोठा. मग सासूचा, त्याहून मोठा, आणि त्यात "माझ्यासमोर नाय" एवढे मात्र स्पष्ट ऐकू आले. मग काहीच नाही. डॉक्टर एकदा आत डोकावून आल्या आणि पुढे गेल्या.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि जबडा आवळलेला. माझ्यासमोर उभा राहिला, पण माझ्याकडे पाहिले नाही.

"लग्नाच्या आधी सांगितलं असतं तर..." तो म्हणाला, आणि ते वाक्य त्याने तसेच सोडले. मीही ते पुरे करायला मदत केली नाही. त्या वाक्याचा शेवट त्यालाही माहीत नसावा, असे मला वाटले.

मग टेबलावरच्या पेनाकडे बघत त्याने विचारले, "मॅडम, ती गोळी खाली मेडिकलमध्ये मिळते का, का बाजारात जावं लागतं?"

मी डॉक्टरांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने ती उलगडली, औषधाचे नाव ओठांतल्या ओठांत अक्षर लावून वाचले आणि जिना उतरू लागला.